कापलेल्या घासाचा वास

शनिवारी सकाळी सव्वासहाला मार्थावहिनींचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. फोन शांतवनच करायचा, आणि तोही कामापुरतं बोलून मध्येच तोडायचा. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव आणि कानात बाईचा आवाज, एवढ्यावरच मी अंथरुणातून उठून बसलो. "मास्तर, लवकर या. ह्यांना श्वास घेता येईना. छातीत पाणी वाजल्यावानी वाजतंय." मी होतो तसा निघालो... आणि अकराच्या आत, नगरच्या वाटेवर, राहुरीच्या अलीकडे, अँब्युलन्समध्ये माझा मित्र शांतवन त्रिभुवन गेला. वय एकसष्ट. श्रीरामपुरात नेवासा रोडला तीन बाजूंनी पत्रे आणि चौथी बाजू मोकळी, असं त्याचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान होतं. शिर्डीहून शिंगणापूरला जाताना ज्यांच्या गाडीतला गारवा उन्हात दगा देऊन बसला, त्यांतल्या पुष्कळांना तो आठवत असेल. दाखल्यावर लिहिलंय, हृदय व श्वसन बंद पडून मृत्यू. अहो, ते तर सगळ्यांचंच बंद पडतं! गावात माणसं 'अ‍ॅटॅक आला' म्हणतात, आणि मीही पाच आठवडे मान हलवतोय.

ते खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे, एका डॉक्टरांना थोडंसं ठाऊक आहे, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या मार्थावहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. परवा या रविवार पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तुमच्या मित्रावर लिहा. मी हो म्हणालो आणि मग घाम फुटला. शेवटी ठरवलं की आधी लिहायचं, मग ते कागद घेऊन वहिनींकडे जायचं, आणि त्यांच्यासमोर वाचायचं. वाचायचा धीर झाला नाही तर लेख फाडून टाकायचा. लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही, हा बत्तीस वर्षांच्या मास्तरकीचा रोग आहे.

आम्ही एका बाकावरचे. त्याचे वडील साखर कारखान्यात फिटर, माझे पोस्टात. नववीत असताना गणिताच्या मास्तरांनी एकदा त्याला वर्गासमोर बडवलं आणि त्यानं दप्तर ठेवलं ते कायमचंच. पुण्याला नाना पेठेत एका म्हाताऱ्या चाचांकडे कामाला लागला. त्या काळात गाडीत एसी असणं म्हणजे बडं प्रस्थ. तसल्या गाड्या चाचांकडे यायच्या. बारा वर्षांनी तो परत आला तेव्हा मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. मला पाहून त्यानं कमरेत वाकून "नमस्कार मास्तर" केलं, चेष्टेनं. मग तेच नाव पडलं. पण गंमत अशी की वर्षं गेली तशी त्यातली चेष्टा कमी होत गेली. माझ्या शिक्षणाबद्दल त्या माणसाला विनाकारण आदर होता. गार पाइपला बाहेरून पाणी का सुटतं, दाबला की गॅस गरम का होतो, हे तो मला विचारायचा आणि मी दुकानातल्या फरशीवर खडूनं आकृत्या काढायचो. सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हंजे चाचा बराबर सांगत हुते." मला वाटायचं, मी त्याला शिकवतोय. त्याला ते सगळं हातानं आधीच ठाऊक असायचं, फक्त माझ्या तोंडून ऐकायला आवडायचं.

काम मात्र असं, की बघत राहावं. बॉनेट उघडलं की आधी दोन्ही हात आत. एक गार नळीवर, एक गरम नळीवर. डोळे मिटून दोन मिनिटं उभा. पूजेला उभं राहावं तसा, असं मी एकदा म्हणालो तर म्हणाला, "गप रं, गिऱ्हाईक पळंल." एसी दुरुस्त करणं म्हणजे गॅस भरणं, असं लोकांना वाटतं, त्याचा त्याला भयंकर राग. "गॅस काय पेट्रोल हाय का संपायला? कमी झाला म्हंजे कुठनं तरी गेला. कुठनं गेला त्ये सांगायला मी बसलोय!" गळती शोधायला आधी साबणाचं पाणी, आणि त्यानं नाही सापडली तर बत्ती. ही बत्ती चाचांची. लहानशी टाकी, वर तांब्याचा तुकडा बसवलेला बर्नर, आणि बाजूनं एक लांब रबरी नळी. ज्योत पेटवायची आणि त्या नळीचं तोंड पाइपाच्या सांध्यासांध्यावरून फिरवायचं. नळी तिथली हवा ओढून ज्योतीकडे नेते. एरवी ज्योत निळसर, फिकी. गळत्या सांध्यापाशी तोंड आलं की ती हिरवी होते. अगदी हिरवीगार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या होत्या. तो हसला नाही. म्हणाला, चाचांनी पहिल्या दिवशी कान धरून सांगितलं होतं, हिरवी झाली तर काम करायचं, जांभळी झाली तर सगळं टाकून पळायचं. का, ते चाचांनाही ठाऊक नव्हतं.

आणि म्हणूनच त्याच्या दुकानाला चौथी भिंत नव्हती. गॅसच्या कामाला दार नको, हा त्याचा एकमेव नियम. रोज संध्याकाळी गॅसचा दाब दाखवणारी घड्याळं, नळ्या, बत्ती, सगळं स्कूटरवर लादून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तीस वर्षं हा खटाटोप केला, पण शटर लावून घेतलं नाही. येणारी-जाणारी माणसं चिडवायची, काय शांतवनभाऊ, दुकान शिंगणापुरातनं उचलून आणलं का? तो म्हणायचा, "देव येगळा हाय आमचा, पर दाराच्या बाबतीत आमचं जमतं." वाऱ्यानं ज्योत हलते, रंग ओळखू येत नाही, म्हणून बत्तीचं काम तो सकाळी लवकर करायचा, वारा उठायच्या आत. दुपारी कुणी कितीही घाई केली तरी नाही. मुंबईचं एक मोठं कुटुंब तापलेल्या गाडीतून उतरून त्याच्यावर आरडाओरडा करत होतं, तेव्हाही त्यानं त्यांना शेजारच्या चर्चच्या आवारात झाडाखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि सांगितलं, साबणानं बघतो, नाही सापडलं तर उद्या सकाळी. मी तिथंच होतो. मनात म्हटलं, काय हट्टी माणूस आहे.

आता माझ्याकडे येतो. रिटायर झाल्यावर माणसं बाग करतात, यात्रा करतात. मी गाडी घेतली. पुण्याच्या एका गृहस्थांची, तीसेक वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली, दोन दारांची, बुटकी, लालभडक स्पोर्ट्स कार. नाव लिहीत नाही. त्या गाडीचा यात काही दोष नाही. कॉलेजात असल्यापासून मला तसली गाडी हवी होती आणि जन्मभर मी सायकल आणि मग स्कूटर हाकली. घरी बोलणी बसली. शांतवननं गाडी पाहिली, एक फेरी मारली, आणि म्हणाला, "मास्तर, म्हातारीनं लाल लुगडं नेसलंय." मी चिडलो. मग तो आत बसला, गुडघे पार हनुवटीला, आणि एसीचं बटण दाबून वाट पाहत राहिला. गरम फुफाटा आला. "हिचा गॅस बी आता मिळत न्हाई," तो म्हणाला, "जुना हाय. बाजारातनं कवाच गेला." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्याकडं एक सिलिंडर हाय. अर्धा. चाचांच्या हातचा." तो त्यानं इतकी वर्षं का जपला होता, मी विचारलं नाही. मला फक्त माझा गारवा दिसत होता.

हिवाळाभर तो त्या गाडीच्या मागे होता. कधी रविवारी चर्च झाल्यावर, कधी दुकान आवरल्यावर. पुढची जाळी धुतली, कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवला, नगरहून नळ्या करून आणल्या. डॅशबोर्डामागची एक जुनी नळी तेवढी त्यानं बदलली नाही, कारण त्यासाठी सगळा डॅशबोर्ड काढायला लागला असता, आणि ते मीच नको म्हणालो. लाकडाची पट्टी होती हो त्यावर, ओरखडा गेला असता. थोडा गॅस भरून पाहिला तर आठ दिवसांत गायब. कुठून जातोय ते साबणाला सापडेना. त्याच्या पुतण्यानं त्याला एक नवं यंत्र आणून दिलं होतं, गळतीपाशी नेलं की ओरडणारं. पण ते नव्या गॅसचं, आणि शांतवनचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ह्ये अत्तराला बी वरडतं." म्हणजे बत्ती आली. करू एखाद्या सकाळी, असं तो म्हणत राहिला, आणि मे उजाडला.

मेच्या त्या रविवारी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बॅच. कुणी इंजिनिअर, कुणी कारखानदार. पत्रिकेत ठळक अक्षरांत मला प्रमुख पाहुणा केलं होतं. आणि मी, बासष्ट वर्षांचा घोडा, ठरवून बसलो होतो की त्या लाल गाडीतून, काचा वर करून, इस्त्रीच्या शर्टात, घाम न येता उतरायचं. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण कारण मोठं करून सांगितलं तर ते खोटं होईल. शुक्रवारी सकाळी त्याला एका मयतीला जावं लागलं, तो माझ्याकडे दुपारी अडीचला आला. बायको मुलीकडे नाशिकला. घरी मी एकटा. बाहेर वारा असा सुटला होता की अंगणातली बादली गडगडत फाटकाला जाऊन आदळली. शांतवननं अंगणात उभं राहून वाऱ्याकडे पाहिलं आणि बत्ती खोक्यातून बाहेरच काढली नाही.

"उद्या सकाळी साताला येतो," तो म्हणाला. मी म्हटलं, उद्या गळती सापडणार, मग सांधा करणार, मग गॅस भरणार, आणि परवा सकाळी मला निघायचंय. आजच बघ. गॅरेजचं शटर ओढून घेऊ, वारा येणार नाही. तो तीनदा नाही म्हणाला. मोजून तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, "दार लावून न्हाई करत मी, तुला ठाऊक हाय." आणि मग मी माझा वर्गातला आवाज काढला. "अरे, तुझ्या चाचांच्या वेळच्या समजुती आहेत या. हा गॅस विषारी नसतो. मी केमिस्ट्रीचा मास्तर आहे ना?" तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात संशय नव्हता, तेच तर मला सोसत नाही. असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू म्हनतोस म्हंजे तसंच आसंल," आणि बत्ती बाहेर काढली. शटर मी ओढलं. वाऱ्यानं ते खडखडायला लागलं म्हणून खालच्या दोन्ही कड्याही मीच लावल्या. घरात जायचं आतलं दार होतं, तेही मी लोटून घेतलं, कारण तिथून झुळूक येत होती.

आत एकदम सामसूम झाली. बाहेर वारा, आणि आत फक्त त्या ज्योतीची सूं सूं. बल्बच्या उजेडात तो नळीचं तोंड फिरवत होता, मी मागे उभा. पुढचे सांधे झाले, ज्योत निळी. कॉम्प्रेसर झाला, निळी. मग बत्ती बॉनेटच्या कडेवर ठेवून तो दार उघडून आत वाकला, डॅशबोर्डाखाली नळी घातली, आणि ज्योतीचा रंग बदलला. हिरवा. मी म्हटलं, "सापडलं!" तो म्हणाला, दाब कमी आहे, जरा वाढवून बघतो, आणि गाडीला जोडलेल्या सिलिंडरची कळ फिरवली. ती जुनी नळी तेवढ्यावर फाटली. मोठा आवाज नाही झाला. फुस्स करून पांढरं धुकं आलं, पायांवर गार गार काहीतरी पसरलं, आणि मी ज्योतीकडे पाहिलं तर ती जांभळी होती. तशी जांभळी ज्योत मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शांतवन ओरडला नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तू बाहीर हो. पानी आन." मी आतल्या दारानं स्वयंपाकघरात गेलो, आणि दार माझ्या मागे आपोआप लागलं. फ्रिज उघडला, बाटली काढली, ग्लास विसळला. दोन... तीन मिनिटं गेली असतील. एवढ्या वेळात त्यानं सिलिंडर बंद केला, बत्ती विझवली आणि मग शटरच्या कड्या चाचपडत बसला. मी आलो तेव्हा तो शटर वर ढकलत होता आणि खोकत होता. डोळ्यांतून पाणी.

अंगणात पायरीवर बसला, पाणी प्याला, हसला. "पळायला पायजे हुतं," म्हणाला. "पर मोकळा सोडला आसता तर सगळा ग्यास जाळात गेला आसता." मग नाक वर करून हुंगत म्हणाला, "घास कापल्यावानी वास यायला का रं तुला?" घास म्हणजे आमच्याकडे गुरांना घालतात तो, हिरवा लसूणघास. मलाही येत होता. ओला, गोडसर, चांगला वास. मी म्हणालो, शेजारी लॉन कापत असतील. माझ्या शेजारी लॉन नाही. मेच्या मध्यावर आमच्या वॉर्डात हिरवी काडी शोधून सापडायची नाही. तरी मी तसं म्हणालो, आणि तो "आसंल" म्हणाला. चहा झाला. खोकला थांबला. जुन्या नळीला दुसरी कशी जोडायची ते त्यानं बोटानं हवेत काढून दाखवलं आणि सहाला स्कूटरवरून गेला. तो जाताना मला बरं वाटलं, त्यालाही बरं वाटत होतं. घरी जाऊन त्यानं भाकरी खाल्ली, प्रार्थना म्हटली आणि झोपला, हे वहिनींकडून पुढं कळलं.

शनिवारी सकाळी दवाखान्यात त्याला पाहिलं तेव्हा तोंडाला फेस होता, गुलाबी. नखं निळी. डॉक्टर तरुण, शांत, चटपटीत. त्यांनी ऑक्सिजन लावला, हृदयाचं पाहिलं, आणि बाहेर बाकावर आमच्याकडे येऊन विचारलं, काल काही धूर, केमिकल, गॅस असं नाकातोंडात गेलं होतं का? मार्थावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझा हात धरला होता. आणि त्या क्षणी, त्या फिनाइलच्या वासात, मला तो घासाचा वास पुन्हा आला. बत्तीस वर्षं, दरवर्षी, बारावीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारायचो. क्लोरोफॉर्म गडद रंगाच्या बाटलीत काठोकाठ भरून का ठेवतात? उत्तर: हवा आणि उजेड लागला की त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो, म्हणून. मग मी पुस्तकात नसलेलं एक वाक्य टाकायचो. म्हणायचो, वास मोठा छान असतो बरं का, नुकत्या कापलेल्या गवताचा. आवडला म्हणून हुंगत बसू नका, माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी छातीत पाणी होऊन मरतो. पोरं हसायची. मीही हसायचो. एसीतला गॅस विषारी नसतो, हे मी बरोबर सांगितलं होतं. तो जाळातून गेला की त्याचंही तेच होतं, हेही मला ठाऊक होतं. फक्त ते वर्गात ठाऊक होतं, गॅरेजात नव्हतं.

डॉक्टर थांबले होते. मी म्हणालो, "नाही. एसीचं काम करत होता फक्त."

का म्हणालो? पाच आठवडे मी हेच स्वतःला विचारतोय आणि उत्तर एकच येतं. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, कुठं? आणि त्याच्या पुढचा, दार कुणी लावलं? माझा हात वहिनींच्या हातात होता. मी चाळीस मिनिटं तसाच बसून राहिलो. समोर घड्याळ होतं, म्हणून चाळीस हे नक्की सांगतो. आतून तो पाण्याचा आवाज येत होता. वहिनी देवाचं नाव घेत होत्या आणि मी त्यांच्याबरोबर ओठ हलवत होतो. मग मला ते सोसेना. उठून डॉक्टरांच्या मागे गेलो आणि कोपऱ्यात गाठून त्या गॅसचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "सर, हे मघाशी का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाले, आणि धावले. फोन केले, औषधं बदलली, नगरला मोठ्या मशीनवर घालायला हवं म्हणून अँब्युलन्स मागवली. ती राहुरीच्या अलीकडे थांबली, ते मी वर लिहिलंय. पुढं एकदा जाऊन मी त्यांना विचारलं, ती चाळीस मिनिटं वाया गेली नसती तर? ते म्हणाले, कदाचित काही फरक पडला नसता. मग म्हणाले, कदाचित पडला असता. त्यांनी मला धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

रविवारी त्याला पुरलं. माती देत असताना माझ्या खिशात फोन वाजत होता. कबरस्तानाच्या फाटकाशी येऊन घेतला, तर संमेलनातली पोरं. सर, तुम्ही आला नाहीत, आम्ही वाट पाहतोय, आणि सगळ्यांनी मिळून मला फोनवरून टाळ्या ऐकवल्या. मी ऐकल्या. बंद करायचं सुचलं नाही.

इथवर लिहून झालं आणि काल दुपारी मी वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, वहिनी, शांतवनवर लिहिलंय, छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायचंय. त्या खूश झाल्या. पदरानं हात पुसून नीट बसल्या, शाळेत बसतात तशा. पहिल्या पानावर त्या दोनदा हसल्या. गॅरेजपाशी आलो तरी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. शटर, कड्या, जांभळी ज्योत, घासाचा वास. त्या सुपात बघत ऐकत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी घरी आल्यावर सांगितलं हुतं मला. म्हनले, मास्तरच्यात दार लावून काम केलं, आज नेम मोडला. पर मास्तरला काय बोलू नगंस, त्यो मनाला लावून घील." मला रडू आलं. मी म्हणालो, वहिनी, ऐका, अजून पुढं आहे. आणि दवाखान्यातलं वाचलं.

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून ओट्याखाली टाकले. मग म्हणाल्या, "दाराचं ऱ्हाऊ द्या. ह्यांनी लावू दिलं. त्यांना कळत हुतं, तुमच्या शबुदासाठी लावू दिलं." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "दवाखान्यात तुमचा हात माझ्या हातात हुता, तवा तुमाला ठाऊक हुतं?"

"हो," मी म्हणालो.

"चाळीस मिन्टं?"

"हो."

त्यांनी सूप उचललं, उठल्या, आत निघाल्या. मी कागद गोळा करत होतो. विचारलं, वहिनी, हे छापू का नको? त्या दारात थांबल्या. "छापा," म्हणाल्या. "समदं छापा. नाव घालून छापा. आन् छापून आलं की एक अंक आनून द्या मला." मी मान हलवली. तेव्हा म्हणाल्या, "हातात देऊ नगा. उंबऱ्यावर ठिवा, आन् जा."

पुरवणी रविवारी निघते. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा वहिनी चर्चमध्ये असतील. मी अंक उंबऱ्यावर ठेवून आलो असेन.